‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणणे हा अविश्वास आहे का?

ताई, प्रभूमध्ये सलाम.

तुमचे म्हणणे थोडक्यात असे. सासऱ्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, आठवड्यातून दोनदा कोल्हापुरात डायलिसिसला न्यावे लागते आणि घरात आठ महिने त्यांच्यासाठी प्रार्थना चालू आहे. प्रार्थनागटातल्या एका बहिणींनी सांगितले की ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हेच शब्द आडवे येताहेत. ‘मामंजी बरे झालेत’ असे ठामपणे कबूल करत राहा, म्हणजे देवाला ते करावेच लागेल. तुम्ही महिनाभर तसे म्हणून पाहिलेत. आता प्रार्थनेला बसले की दोन ओळींपुढे शब्द फुटत नाहीत, आणि मनाला एकच टोचणी आहे: माझा विश्वास कमी पडतो म्हणून मामंजी बरे होत नाहीत का?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: नाही. आणि हे तुमचे मन राखायला म्हणत नाही. असे का म्हणतो ते पुढे शास्त्रातूनच दाखवतो.

आपल्याकडे पावसाळ्यात राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे कसे उघडतात ते शेंबड्या पोरालाही माहीत असते. सात दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला टेकले की एकेक दरवाजा आपोआप उघडतो आणि प्रत्येकातून १,४२८ क्युसेक पाणी नदीत येते. माझ्या अनुभवात प्रार्थनेला बसणारी निम्मी माणसे देवाबद्दल नकळत असेच चित्र मनात धरून बसलेली असतात. आपल्या विश्वासाची पातळी भरली की वरचा दरवाजा उघडणार. उघडला नाही म्हणजे पातळी कमी. मग माणूस दिवसभर आपली पातळीच मोजत राहतो. आज मनात शंका आली का? आवाज कापला का? रडू आले, म्हणजे विश्वास डळमळला का? नजर देवबापावरून निघून स्वतःच्या मनावर खिळते, आणि स्वतःच्या मनाकडे टक लावून बसलेल्या माणसाला प्रार्थना सुचत नाही. तुमचे शब्द दोन ओळींवर अडले ते यामुळे, असे मला वाटते.

शिष्यांनीही हेच मागितले होते: आमचा विश्वास वाढवा (लूक १७:५). प्रभूने तो वाढवून दिला नाही, मोहरीचा दाणा दाखवला. मसाल्याच्या डब्यातली एक मोहरी तळहातावर घेऊन बघा. दीड-दोन मिलिमीटरचा दाणा, घामाने बोटाला चिकटला तर शोधावा लागतो. एवढा पुरे, असे तो म्हणतो. आणि याच्या लगेच पुढे, सातव्या ते दहाव्या ओवीत, दिवसभर शेतात राबून आलेल्या दासाचा दाखला आहे: सगळे करून झाल्यावर ‘आम्ही आमचे कर्तव्यच केले’ म्हणणारा. हे दोन भाग सहसा वेगवेगळे वाचले जातात. एकत्र वाचले की कळते, विश्वास लहान असला तरी चालतो, पण त्याच्या जोरावर धन्याकडे हक्क सांगता येत नाही.

आता मत्तयाचे शुभवर्तमान उघडा. तिथे प्रभूने ज्यांचा विश्वास मोठा म्हणून नावाजला अशी माणसे दोनच: कफर्णहूमचा शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांवरचा रोमी अधिकारी (८:५ ते १३), आणि कनानी स्त्री (१५:२१ ते २८). दोघेही परके, यहुदी नसलेले. दोघेही स्वतःसाठी मागत नाहीत, एक आपल्या चाकरासाठी आणि दुसरी आपल्या मुलीसाठी मागते. तुम्ही सासऱ्यांसाठी मागता तसेच. या दोघांनी नेमके काय केले ते सावकाश बघण्यासारखे आहे.

शताधिपतीची हकिगत लूकनेही दिली आहे (७:१ ते १०). तिथे यहुद्यांचे वडील येऊन प्रभूला सांगतात, हा माणूस लायक आहे, याने आमचे सभास्थान बांधून दिले. दोन ओव्यांनंतर त्या माणसाचा स्वतःचा निरोप येतो: माझ्या छपराखाली आपण यावे एवढी माझी योग्यता नाही. लोकांनी दिलेले प्रशस्तिपत्र त्याने वापरलेच नाही. पण म्हणून तो गप्पही बसला नाही. एक शब्द बोला, माझा चाकर बरा होईल, असे बेधडक म्हणाला. हे बळ त्याच्याकडे आले कुठून? त्याने कारण दिले आहे. मी स्वतः हुकमाखालचा माणूस, माझ्या हाताखालीही शिपाई आहेत. वरून शब्द सुटला की काम होते हे मला ठाऊक आहे. अधिकार कोणाचा हे पक्के कळलेला माणूस वाकतोही आणि मागतोही. नम्रता आणि धीटपणा त्याच्यात एकाच जागेवरून येतात.

कनानी बाई तर तीनदा बोलते. पहिल्यांदा उत्तरच येत नाही; प्रभू तिला एक शब्दही बोलला नाही, असे मत्तय लिहितो. दुसऱ्यांदा ती पाया पडते, तेव्हा मुलांची भाकरी कुत्र्यांना घालणे बरे नव्हे असे कठीण उत्तर मिळते. ती रुसून जात नाही आणि माझाही हक्क आहे म्हणून भांडतही नाही. मेजावरून खाली पडणारे तुकडे तरी मिळू देत, म्हणते. तिला ठाऊक आहे की या घरच्या तुकड्यातही मुलगी बरी करण्याइतके सामर्थ्य आहे. दोघांपैकी कोणीही ‘बरे झाले आहे’ असे आधीच जाहीर केले नाही. मागितले, आणि ज्याच्याकडे मागितले त्याच्यावर भार टाकला.

इथे एक घोटाळा होतो तो सांगतो. नम्रता म्हणजे न्यूनगंड नव्हे. आपल्या मंडळ्यांत प्रार्थना ‘मी किती नीच, किती पापी’ अशी सुरू होते आणि पाच मिनिटे तिथेच फिरते. ऐकायला लीन वाटते, पण त्या पाच मिनिटांत विषय ‘मी’ हाच असतो. लूक १८ मधल्या दाखल्यात परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी, आठवड्यातून दोनदा उपास करतो, दशांश देतो, आणि शेजाऱ्याशी तुलना करतो. जकातदाराची प्रार्थना मराठीत सहा शब्दांची आहे: हे देवा, मज पाप्यावर दया कर. स्वतःचे वर्णन एका शब्दात संपवून तो दयेकडे वळतो. कबुली खरी असली की ती लांबत नाही.

आता तुमच्या मूळ वादाकडे. धरले जाण्याआधी, गेथशेमाने बागेत प्रभूने काय मागितले? हा प्याला, म्हणजे समोरचे दुःख, टळून जावो. इच्छा स्पष्ट सांगितली, आडपडदा ठेवला नाही. मग: तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. आणि हे एकदाच नव्हे, तीनदा (मत्तय २६:३९ ते ४४). ‘तुझ्या इच्छेप्रमाणे’ हा अविश्वास असेल तर तो ठपका कोणावर जातो याचा विचार त्या बहिणींनी करावा. त्यांचा हेतू चांगला असेल, हे मी मनापासून मानतो. पण ही शिकवण आजाऱ्याच्या घरावर दुसरे ओझे टाकते: आजार तर आहेच, वर त्याचा दोषही तुमच्यावर.

त्यांच्या म्हणण्यात एक खरा मुद्दाही आहे. पुष्कळ लोक ‘तुझ्या इच्छेप्रमाणे’ हे वाक्य ढालीसारखे वापरतात. नीट मागतच नाहीत, म्हणजे नकार आला तरी लागायला नको. ‘देवा, तुला ठाऊकच आहे, तुझी इच्छा, आमेन.’ यात ना मागणे आहे ना सोपवणे. म्हणून क्रम पाळायचा. आधी पोटातून मागायचे, मग सोपवायचे. पहिली पायरी गाळली तर दुसरी पोकळ होते. दुसरी गाळली तर प्रार्थनेचा हुकूमनामा होतो.

तुम्हाला मार्क ११:२४ दाखवले असेल: जे मागाल ते मिळालेच आहे असा विश्वास धरा. हे वचन खरे आहे, ते बाजूला सारू नका. फक्त दोन ओव्या मागे आणि एक पुढे वाचा. बाविसावी ओवी सांगते की विश्वास देवावर ठेवायचा. आपल्या कबुलीच्या शब्दांवर नव्हे. पंचविसावी सांगते, प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा. ही ओवी मोठ्याने घोषित करताना मी क्वचितच ऐकली आहे. आणि १ योहान ५:१४ तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगते: त्याच्या इच्छेप्रमाणे काही मागितले तर तो आपले ऐकतो.

शिवाय विश्वास भरपूर असूनही ज्यांचे दुखणे गेले नाही अशांची नावे नव्या करारातच आहेत. पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनवणी केली. काटा राहिला, कृपा मिळाली (२ करिंथ १२). त्याचा सोबती त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मिलेतात ठेवून पौलाला पुढे जावे लागले (२ तीमथ्य ४:२०). तीमथ्याला वारंवार होणाऱ्या दुखण्यासाठी त्याने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले (१ तीमथ्य ५:२३). यांतल्या एकालाही ‘तुझा विश्वास तोकडा’ असे कोणी म्हटलेले नाही.

साक्षीच्या वेळेचाही इथे परिणाम होतो, हे मंडळीत बोलले जात नाही. रविवारी पुढे येऊन साक्ष देतो तो बरा झालेला. ज्याचे दुखणे तसेच आहे आणि तरी जो देवाला धरून आहे, तो मागच्या बाकावर बसतो आणि त्याला कोणी बोलवत नाही. वर्षानुवर्षे असे ऐकत राहिले की वाटते, सगळ्यांना मिळते, आपल्यालाच मिळत नाही. पाळकसाहेबांकडे हा विषय जरूर काढा. वाट बघत असलेल्यांनाही साक्षीला उभे करावे, असे मला फार वाटते.

आता कामाचे बोलू. काही गोष्टी तुमच्या घरावर अवलंबून आहेत: घरात सगळे विश्वासात आहेत की तुम्ही एकट्या, मामंजींना स्वतःला प्रार्थना हवी आहे का, तुमच्या मंडळीची पद्धत काय. तसा फेरफार करा. एक गोष्ट मात्र कशावरही अवलंबून नाही. डायलिसिसची एकही पाळी ‘विश्वासाने’ चुकवायची नाही, गोळ्या बंद करायच्या नाहीत. त्यांना उपासाला बसवायचे नाही. प्रार्थना केलेले पाणी असो की नारळपाणी, डॉक्टरांनी दिवसाला जेवढे द्रव सांगितले आहे त्याच्या वर एक घोटही नको. नारळपाण्यातले पोटॅशियम अशा रुग्णाला घातक ठरू शकते. तेल लावायचे असेल तर याकोब ५:१४ प्रमाणे वडीलजनांनी कपाळाला लावावे, फिस्टुलाच्या हाताला (डायलिसिसची सुई टोचतात त्या हाताला) नव्हे. आजारी हिज्कीया राजाने रडून प्रार्थना केली, देवाने आयुष्याची पंधरा वर्षे वाढवून दिली, आणि त्याच प्रसंगात यशया संदेष्ट्याने गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला (२ राजे २०). आपल्या शेजारी मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले, ते मिशनचेच काम होते. २०१९ च्या महापुरात चिखली-आंबेवाडीचे लोक बोटीत बसून बाहेर पडले. बोटीत बसल्याने कोणाचा विश्वास कमी झाला नाही.

उपास करायचाच असेल तर तो तुम्ही करा, आणि तुम्हाला मधुमेह, गरोदरपण असे काही नसेल तरच. आठवड्यातून एक दिवस, एक जेवण सोडायचे, पाणी प्यायचे, आणि त्या जेवणाचा वेळ प्रार्थनेला द्यायचा. जेवण सोडले आणि तो वेळ मोबाईलवर गेला तर ती नुसती उपासमार.

रोजच्या प्रार्थनेला पंधरा मिनिटे पुरेत. तास-दीड तास ठरवणारे लोक साधारण आठवड्याभरात सोडून देतात, आणि मग त्याचाही अपराध वाटतो. पहिले मिनिट गप्प बसा. मग एक छोटे स्तोत्र मोठ्याने, सावकाश वाचा. सध्या तुमच्यासाठी मी दोनच सुचवीन: १३ आणि १३१. तेराव्यात सहा ओव्या आहेत आणि पहिल्या दोन ओव्यांत ‘किती काळ’ अशा अर्थाचा प्रश्न चारदा आहे. देवाला असे विचारणे पवित्र शास्त्रात बसते, हे आधी डोळ्यांनी बघा. एकशे एकतीसाव्यात तीनच ओव्या, आणि आईजवळ शांत असलेल्या, दूध तुटलेल्या बाळाचे चित्र. अंगावर पिणारे बाळ आईजवळ गेले की दुधासाठी धडपडते. दूध तुटलेले नुसते बिलगून बसते. त्याला आता आईच हवी असते. नम्र विश्वास समजावून सांगायला मला याहून चांगले चित्र सापडलेले नाही.

त्यानंतर एकच कबुली, नेमकी. ‘मी पापी आहे’ इतके मोघम नको. ‘काल मामंजींनी तिसऱ्यांदा पाणी मागितले तेव्हा मी खेकसले’ असे. मग मागणे, आणि तेही नेमके. ‘मामंजींना आशीर्वाद दे’ यात मागणारा काय मागतो ते त्यालाच कळत नाही. असे म्हणा: बापा, आज चार तास मशीनवर असताना त्यांचा रक्तदाब पडू देऊ नकोस. पायाला गोळे येऊ देऊ नकोस. फिस्टुलाचा हात सांभाळ. तहान सोसायचे बळ दे. आणि बापा, मला ते पूर्ण बरे झालेले हवे आहेत. हे शेवटचे वाक्यही बोला, लाजू नका. नंतर दोन्ही तळहात उघडे करून मांडीवर ठेवा आणि तुमचे ते वाक्य म्हणा: तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. शेवटी कालच्या दिवसातल्या एका गोष्टीबद्दल आभार माना आणि उठा. वेळ उरला म्हणून तेच मागणे पुन्हा घोळू नका. घोळत राहिले की प्रार्थनेची काळजी होते.

भाषेची चिंता करू नका. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणण्यासाठी घालवली, साध्या बायाबापड्यांना कळावे म्हणून. तुम्ही घरात ज्या बोलीत बोलता त्याच बोलीत बोला. ‘हे परमपवित्र स्वर्गीय पित्या’ने सुरुवात केली की पुढचे वाक्यही तसेच जड यावे लागते, आणि मग अडते.

एक साधी वही करा. डाव्या पानावर तारीख आणि मागणे, उजवे पान कोरे. उजवे पान महिन्यातून एकदाच भरायचे, रोज नाही; रोज बघितले की ताप मोजल्यासारखे होते आणि आपण पुन्हा पातळी मोजायला लागतो. महिन्याने लिहिताना ‘मिळाले’, ‘अजून नाही’ आणि ‘वेगळे मिळाले’ असे तिन्ही प्रामाणिकपणे लिहा. तिसऱ्या प्रकाराच्या नोंदी बहुतेक जण आधी लिहायला विसरतात.

नवसाची भाषा आपल्या सगळ्यांच्या जिभेवर मुरलेली आहे, तेवढी सांभाळा. ‘बरे केलेस तर इतके अर्पण देईन’ हा व्यवहार झाला. अर्पण द्यायचे ते द्या, पण ‘तर’ काढून टाका.

गटातल्या बहिणींशी भांडू नका. एवढेच म्हणा: ‘ताई, तुम्ही माझ्यासाठी मागा, पण मी काय म्हणावे ते माझ्यावर सोडा.’ घरी प्रार्थना ठेवली तर चार-पाच जण पुरेत, प्रत्येकाने मिनिटभर बोलावे, हात ठेवण्याआधी मामंजींना विचारावे. त्यांचे रिपोर्ट व्हॉट्सॲपवरच्या प्रार्थनाविनंतीत टाकू नका; ‘आमच्या घरी आजारपण आहे’ एवढे देवाला पुरते आणि मंडळीलाही.

ज्या दिवशी दोन ओळींपुढे काहीच येणार नाही, त्या दिवशी त्या दोन ओळी म्हणून उठा. मार्क ९ मधल्या आजारी मुलाच्या बापाने, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा, अशा अर्थाचे एकच वाक्य म्हटले, आणि त्याचा मुलगा बरा झाला. शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आत्मा आपल्यासाठी विनंती करतो, असे रोमकरांस ८:२६ सांगते. मात्र झोप उडाली आहे, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही असे दोन आठवड्यांहून जास्त चालले असेल, तर ती विश्वासाची उणीव समजू नका, डॉक्टरांना दाखवा. सेवा करणारी माणसेही आजारी पडतात.

आणि एक काम, जे तुमच्या लिहिण्यात मला कुठे दिसले नाही. आठ महिने सगळे मामंजींसाठी मागताहेत, पण त्यांना स्वतःला काय मागायचे आहे हे कोणी विचारले आहे का? बार्तीमय आंधळा आहे हे दिसत असूनही प्रभूने त्याला विचारले: मी तुझ्यासाठी काय करावे म्हणून तुझी इच्छा आहे? (मार्क १०:५१). पुढच्या पाळीला, मशीन सुरू होऊन पहिला अर्धा तास गेला आणि ते जरा स्थिर झाले की शेजारी स्टूल ओढून बसा आणि विचारा, ‘मामंजी, मी तुमच्यासाठी काय मागू?’ उत्तर मूत्रपिंडाचे असेलच असे नाही. धाकट्या भावाशी धरलेला अबोला असेल, कुणाचे देणे असेल, नातीचे लग्न असेल, किंवा नुसते ‘आता दमलोय’ असेल. जे सांगतील ते वहीच्या डाव्या पानावर त्यांच्याच शब्दांत लिहा, आणि त्या रात्री तेवढेच मागा.